स्प्रिंग कुणी ताणायची

मंगळवारी सकाळी पावणेआठला डेलमार ट्वेटच्या गॅरेजमध्ये बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, तेव्हा त्याची बायको आर्लिस बटाटे सोलत होती आणि डेलमार पलंगाच्या काठावर बसून मोजे चढवत होता. आर्लिसची सुरी थांबली. डेलमारचा एक मोजा हातातच राहिला. काय झालं म्हणून दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. मिनेसोटातल्या थंडीत ज्यांची हयात गेली त्यांना हा आवाज कसला ते सांगावं लागत नाही. गॅरेजच्या दरवाजाची स्प्रिंग तुटली होती.

"गेली," आर्लिस म्हणाली.

"गेली," डेलमार म्हणाला, आणि दुसरा मोजा विसरून तसाच उठला.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला एक छोटं दार आहे. तिथे उभं राहून त्याने दिवा लावला आणि वर पाहिलं. मोठ्या दरवाजाच्या माथ्यावर आडवा लोखंडी दांडा, त्या दांड्यावर मनगटाएवढ्या जाड दोन स्प्रिंगा. उजवीकडच्या स्प्रिंगचे दोन तुकडे होऊन मध्ये चार बोटं फट पडली होती. दरवाजा दोन गाड्यांच्या रुंदीचा, भरीव लाकडाचा, वर सरकणारा. डेलमारनेच बनवलेला. त्याचं सगळं ओझं या स्प्रिंगा पेलतात, म्हणून एरवी आर्लिस तो एका हाताने वर ढकलते. स्प्रिंग नसली की तीन धट्टेकट्टे पुरुष लागतील. आणि त्यांची एकुलती एक गाडी आत अडकलेली.

"उद्या मला लाव्हॉनकडे जायचंय," आर्लिस मागून म्हणाली.

लाव्हॉन ही तिची थोरली बहीण. बावीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात असते, माणसं ओळखत नाही, आणि आर्लिसशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाही. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी आर्लिस तिला भरवायला जाते. इतर दिवशी तिथल्या बाया काय करतात, ते आर्लिस विचारत नाही.

"माहीत आहे मला."

"साडेदहाला निघावं लागतं."

"तेही माहीत आहे."

"बोलवू का कुणाला?"

"स्प्रिंगचं काम आहे, आर्लिस. मी मेलोय का?"

आर्लिस पुन्हा बटाट्यांकडे वळली. डेलमार गॅरेजमध्येच उभा राहिला, एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा, आणि त्याचा उजवा हात त्याने पँटच्या खिशात घातला. हल्ली तो हात तिथेच असायचा.

आता या माणसाला स्प्रिंगचं काम म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. डेलमार बहात्तर वर्षांचा, उंच, हाडकुळा, मान जरा पुढे काढून चालणारा. चाळीस वर्षं त्याने गावच्या सहकारी धान्य कोठारावर यंत्रं सांभाळली. पट्टे, मोटारी, सुगीच्या दिवसांत बंद पडून सगळ्या शेतकऱ्यांना रांगेत उभे करणारे ते धान्य वर चढवणारे हलकट उंच वाहक, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. आणि कोठारावरून सुटला की गावच्या स्प्रिंगा. आमच्या हॅलस्टन गावातल्या निम्म्याअधिक दरवाजांच्या स्प्रिंगा डेलमारच्या हातच्या आहेत. कुणी पैसे विचारले तर तो असा बघायचा की विचारणाऱ्याने परत विचारू नये. मग दोन दिवसांनी त्याच्या पायरीवर फडक्याखाली झाकलेली ॲपल पाय यायची, आणि विषय संपायचा.

बाहेरचा माणूस आणून काम करून घेणं आमच्याकडे बसत नाही. एखाद्याच्या दारात कारागिराची गाडी उभी दिसली, की कॅफेत बसलेले चार म्हातारे एकमेकांना विचारतात, कोण आजारी आहे. चेष्टेने नाही, मनापासून विचारतात. संध्याकाळपर्यंत त्या घरी कुणीतरी मटणाचं नाहीतर शेवयांचं, भट्टीत भाजलेलं हॉटडिश घेऊन पोचतं. डेलमार स्वतः त्या चार म्हाताऱ्यांतला एक होता, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांत पहिला.

आणि एप्रिलातल्या ईस्टरपासून त्याचा उजवा हात कापत होता.

सुरुवातीला नुसता अंगठा. मग बोटं. जून उजाडेपर्यंत मनगटापासून पुढे सगळंच. स्वस्थ बसलं की जास्त, आणि एखादी वस्तू फार वेळ घट्ट धरली की मग विचारूच नका. डॉक्टरला त्याने सांगितलं नव्हतं. आर्लिसलाही सांगितलं नव्हतं, तिला तर मुळीच नाही. चर्चमध्ये दानाचं ताट तो डाव्या हाताने पुढे सारायचा. दर वर्षी नोव्हेंबरात दोघं मिळून लेफ्सा करतात. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या आर्लिस लाटते आणि डेलमार लांब काठीने तव्यावर उलटतो. यंदा त्याने पाठ धरल्याचं निमित्त केलं आणि खुर्चीत बसून राहिला. आर्लिसने लाटल्याही आणि उलटल्याही. ती काही बोलली नाही, आणि आपण सुटलो असं त्याला वाटलं.

स्प्रिंगशी मात्र असली निमित्तं चालत नाहीत. स्प्रिंग ताणायची म्हणजे हातभर लांबीच्या दोन पोलादी सळया लागतात. स्प्रिंगच्या टोकाला ओतीव लोखंडाची टोपी असते, तिला चार भोकं. एका भोकात सळई घालून पाव फेरा फिरवायचा, ती सळई धरून ठेवायची, दुसरी सळई पुढच्या भोकात घालायची, पहिली काढायची, पुन्हा पाव फेरा. असं तीस वेळा, एका स्प्रिंगला. दर फेऱ्याला ओढ वाढत जाते, आणि शेवटी शेवटी तर सगळ्या दरवाजाचं वजन एका सळईवर आणि ती धरणाऱ्या हातावर असतं. हात सुटला तर ती सळई पंख्याच्या पात्यासारखी फिरते आणि समोर जे असेल ते फोडते. गावातल्या ऑर्डेल क्वामने एकदा सळईऐवजी पेचकस वापरला होता. आठ आठवडे त्याचा जबडा तारेने बांधून ठेवला होता आणि तो नळीने सूप पीत होता. डेलमारने ही गोष्ट कॅफेत वीस वर्षं चवीने सांगितली. आता मंगळवारी सकाळी गॅरेजमध्ये एकटा उभा असताना त्याला ती गोष्ट आठवली.

म्हणजे पेच असा. स्वतः करावं तर हाताचा भरवसा नाही. न करावं तर डेलमार ट्वेटने स्वतःच्या दरवाजाची स्प्रिंग दुसऱ्याकडून ताणून घेतली, हे दुपारच्या आत कॅफेत कळणार, आणि कोण आजारी आहे या प्रश्नाचं उत्तर या वेळी तो स्वतः असणार. आणि ते उत्तर आधी आर्लिसला द्यावं लागणार.

त्या दिवशी त्याला एका जागी बसवेना. गॅरेजमध्ये जायचा, शिडी उघडायचा, मिटायचा, आत यायचा. दुसरा मोजा नवाच्या सुमाराला सापडला. नव्या स्प्रिंगांची जोडी खिळ्याला टांगलेली होती, ती काढून त्याने जमिनीवर ठेवली, मापं घेतली, पुन्हा टांगली. मापं त्याला पाठ होती, घेण्याची काही गरज नव्हती. सळया पुसल्या. मग एक सळई उजव्या हातात घेऊन हात समोर लांब केला आणि मनात आकडे मोजले. चाळिसापर्यंत हात दगडासारखा. "बघ," तो स्वतःशीच म्हणाला. दहा मिनिटांनी पुन्हा केलं, तर बाराव्यालाच टोक हलायला लागलं. मग हिशेब सुरू झाले. सकाळी हात बरा असतो. खाल्ल्यावर आणखी बरा. थंडीत वाईट, म्हणून हीटर लावायचा. कॉफी नको. नाही, कॉफी हवीच, कॉफीशिवाय डोकं चालत नाही. स्वतःच्या हाताशी इतकी घासाघीस करणारा माणूस कुणी पाहिला नसेल.

दहाच्या सुमाराला समोरच्या घरातली नोएला गिड्री आली. नोएला पन्नाशीची, दवाखान्यात मदतनीस, लुइझियानाच्या दलदलीकडची. दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आली, आणि अजूनही हातमोजे घालायचं तिच्या लक्षात राहत नाही. डेलमार बाजूच्या दाराने आतबाहेर करताना तिला दिसला असणार.

"मिस्टर डेलमार, सकाळचा तो आवाज तुमच्याकडचा ना? मला वाटलं, कुणीतरी अंगणातच हरीण मारलं."

"स्प्रिंग गेली."

"मग काय, सोपं आहे. माझा भाऊ एमिल उद्या सकाळी येतोय माझ्याकडे. त्याचा धंदाच हा, दिवसभर दुसऱ्यांचे दरवाजे लावत फिरतो. त्याला सांगते ना, जाता जाता तुमचंही करून देईल."

डेलमारच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. एमिल गावचा नव्हता. तो कॅफेत बसत नव्हता. नोएलाच्या भावाने सहज येता जाता केलं, एवढंच गावात कळलं असतं. यापेक्षा चांगलं काही सुचणंच शक्य नव्हतं. तो म्हणाला, "छे छे, कशाला त्याला त्रास."

कारण आमच्याकडे असंच म्हणतात. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, तो नुसता शिष्टाचार. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नाही म्हणायचं, पण जरा मऊ आवाजात. तिसऱ्यांदा आग्रह झाला की, बरं, तुझं एवढं म्हणणंच असेल तर, असं पुटपुटत घ्यायचं. कॉफीला हेच, केकच्या दुसऱ्या तुकड्याला हेच, दारातला बर्फ उपसून देण्यालाही हेच. कुणी मूत्रपिंड देऊ केलं तरी आमचा माणूस ते तिसऱ्या वेळीच घेईल, आणि दोन वेळा नको न म्हणता कुणी घेतलं तर त्याच्याबद्दल वर्षभर बोलतील.

"त्रास कसला? नक्की नको?" नोएलाने विचारलं.

दुसरी वेळ. डेलमारने आवाज ठरल्याप्रमाणे मऊ केला. "नको गं, खरंच. मी आहे ना. तसं काही फार नाही ते." आणि पुढचं वाक्य जिभेवर तयार ठेवून तो थांबला.

"बरं तर," नोएला म्हणाली. "जपून करा पण." आणि बोडके हात काखेत खुपसून ती रस्ता ओलांडून गेली.

डेलमार बघतच राहिला. तिचं दार उघडलं, तिचं दार लागलं. ती काही परत आली नाही. तिच्या गावाकडे नको म्हणजे नको, आणि हवं असेल तर माणूस हवं म्हणतो, त्यात तिची काय चूक? पण त्या क्षणी डेलमारला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. दोन वर्षं झाली बाई इथे राहून, एवढं साधं वळण कळू नये? मग स्वतःचा राग आला. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागली असती. पण आपण होऊन जाऊन मागायचं, हे त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं, आणि ते करताना तोंड कसं ठेवायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणत होती नोएला?" आर्लिसने आतून विचारलं.

"काही नाही. हरणांचं काहीतरी."

जेवण झाल्यावर आर्लिस चर्चच्या बायकांकडे रजया शिवायला चालत गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत डेलमार खिडकीत उभा होता. मग त्याने फोन उचलला आणि तालुक्याच्या गावातल्या दरवाजेवाल्यांचा नंबर लावला. पलीकडच्या माणसाने मापं विचारली. डेलमारने रुंदी सांगितली, उंची सांगितली, लाकूड कोणतं, वजन किती, तारेची जाडी, स्प्रिंगची आतली गोलाई, वेढा डावा की उजवा, फेरे किती, सगळं घडाघडा सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं.

"साहेब," तो माणूस हसत म्हणाला, "माझ्या दोन कारागिरांना मिळून एवढं येत नाही. स्प्रिंगाही तुमच्याकडे आहेत म्हणता. मग तुम्हीच का नाही करत?"

अरे बाबा, सांग ना. हात कापतो, एवढे दोन शब्द. अनोळखी माणूस, तोंड दिसत नाही, नाव विचारलेलं नाही. पण डेलमारच्या तोंडातून ते दोन शब्द निघेनात. तो म्हणाला, "हो, तेच म्हणतोय मी. नुसतं विचारून ठेवलं." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेवटी घरचा कुत्राही कंटाळून दुसऱ्या खोलीत गेला.

बुधवारी सकाळी बाहेर कडाक्याची थंडी होती. आर्लिसने अंडी केली. डेलमार उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने खात होता. घड्याळात सात वाजले होते.

"अजून वेळ आहे," आर्लिस म्हणाली. "बोलवू का कुणाला?"

"नको म्हटलं ना काल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आता विचारेल, त्याला वाटलं. विचार बाई, आणखी एकदा विचार. तिचे ओठ जरासे उघडलेही. मग तिने ते मिटले, त्याची रिकामी बशी उचलली आणि नळाखाली धरली. डेलमार उठून गॅरेजमध्ये गेला आणि त्याने मधलं दार लावून घेतलं.

हीटर लावला. दरवाजा अचानक वर उडू नये म्हणून रुळाला पकड घट्ट बसवली. आधी डावीकडची न तुटलेली जुनी स्प्रिंग सोडवावी लागते, तीही सळयांनीच, पाव पाव फेऱ्याने उलटी. ते नीट झालं. जुन्या दोन्ही काढल्या, नव्या दांड्यावर चढवल्या. हात चांगला चालत होता. त्याला हुरूप आला. उगीचच घाबरलो, तो मनाशी म्हणाला, कालचा सगळा दिवस उगीच घालवला. डावीकडची नवी स्प्रिंग त्याने ताणायला घेतली, शिडीवर एका बाजूला उभा राहून, तोंड सळईच्या वाटेतून दूर ठेवून, आजवर शेकडो वेळा केलं तसं. तीस पाव फेरे. टोपीचे दोन स्क्रू पान्ह्याने आवळले. सळई काढली. स्प्रिंग जागच्या जागी बसली. डेलमार घामाघूम झाला होता, पण त्याला गावभर ओरडून सांगावंसं वाटत होतं.

तेव्हा थांबायला हवं होतं. घटकाभर बसायचं, हात शेकायचा. पण घड्याळात सव्वानऊ झाले होते, आणि हात आहे तोवर करून घ्यावं, या घाईने त्याने शिडी उजवीकडे सरकवली.

एकोणिसाव्या पाव फेऱ्याला हात गेला.

डाव्या हाताने त्याने पहिली सळई खाली दाबून धरली होती आणि उजव्या हाताने दुसरी सळई पुढच्या भोकात घालायची होती. घालता येईना. सळईचं टोक लोखंडी टोपीवर टकटक टकटक वाजत राहिलं. भोक समोर दिसत होतं, बोटभर अंतरावर, आणि टोक त्याच्या भोवती सगळीकडे लागत होतं, फक्त आत जात नव्हतं. मग बोटं उघडली आणि सळई खाली फरशीवर खणकन पडली.

त्याने उजवा हातही डाव्यावर दाबला. आता दोन्ही हातांनी तो एकच सळई धरून होता. पान्हा शिडीच्या वरच्या पायरीवर, हाताच्या अंतरावर पडला होता. पण तो घ्यायला एक हात सोडावा लागणार, आणि एकट्या डाव्या हाताने ती ओढ पेलणार नव्हती. सोडताही येईना, फिरवताही येईना, उतरताही येईना. उजव्या हाताचा कंप डाव्यात उतरला, डाव्यातून सळईत, आणि सगळी टोपी खडखड वाजायला लागली. ऑर्डेल क्वामचा जबडा त्याच्या डोळ्यांपुढे आला. हा माणूस घाबरला, साध्या शब्दांत सांगायचं तर लहान पोरासारखा घाबरला.

"आर्लिस," तो म्हणाला. ओरडला नाही.

मधलं दार त्याच क्षणी उघडलं. आर्लिस कोट घालून, टोपी घालून दाराला चिकटूनच उभी असणार, नाहीतर इतक्या लवकर ती येणं शक्य नव्हतं.

"काय करू?"

"स्टूल घे. माझ्या या बाजूला ये. समोर नको, समोर अजिबात नको."

तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, त्यावर चढली. सळई खडखडत होती. तिने तिकडे पाहिलं नाही.

"पान्हा घे. टोपीवर दोन स्क्रू आहेत, चौकोनी डोक्याचे. दिसले?"

"एक दिसला."

"तो आवळ. उजवीकडे. आर्लिस, डोकं मागे. आणखी मागे. माझा हात सुटला तर..."

"नाही सुटत. धर तू."

सत्तर वर्षांची बाई, स्टुलावर टाचा उंचावून, चर्चला जायच्या कोटात, आणि तिच्या कानापासून वीतभर अंतरावर ती सळई. डेलमारला आता जबड्याची आठवणही राहिली नाही. तिचा कान तेवढा दिसत होता, आणि कानातली छोटी मोत्याची कुडी. देवा, एवढं निभावून ने, मग काहीही कर, असं तो मनात म्हणत होता. तिने एक स्क्रू आवळला. मग दांड्याखालून हात घालून, चाचपून, दुसरा शोधला. पान्हा एकदा निसटला. तिने पुन्हा लावला.

"आता हलत नाही," ती म्हणाली.

"अजून अर्धा फेरा."

"झाला."

"उतर. त्या कोपऱ्यात जा. आधी तू जा."

ती गेल्यावर त्याने सळईवरचा जोर हळूहळू कमी केला. स्प्रिंग कुरकुरली आणि थांबली. स्क्रू धरून होते. त्याने सळई काढली आणि शिडीवरून उतरून भिंतीशी ठेवलेल्या फ्रीझरवर बसला. उजवा हात मांडीवर उघडा पडला होता आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा उडत होता. खिशात घालायचं त्याच्या मनातही आलं नाही.

आर्लिस त्याच्या शेजारी येऊन बसली.

"हात कापतो माझा," डेलमार म्हणाला.

"ईस्टरपासून," आर्लिस म्हणाली.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"जूनपासून तुझा कप मी अर्धाच भरते," ती म्हणाली. "तू दोनदा मागून घेतोस. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"सात महिने," डेलमारचा आवाज चढला. "सात महिने तुला माहीत होतं, आणि मला त्या शिडीवर चढू दिलंस?"

"मी दोनदा विचारलं तुला."

"मग तिसऱ्यांदा का नाही विचारलंस? सकाळी तोंड उघडलं होतंस तू. मी थांबलो होतो, आर्लिस. मी हो म्हणणार होतो."

"दिसलं मला ते," ती म्हणाली. टोपी काढून तिने मांडीवर ठेवली आणि तिच्या काठाशी बोटांनी चाळा करत राहिली. "तू हो म्हणाला असतास तर मग ते खरंच झालं असतं. लाव्हॉनच्या विसरण्याचं झालं तसं. मला अजून काही दिवस ते नको होतं. म्हणून नाही विचारलं. आणि मग दाराआड उभी राहून तुझे फेरे मोजत बसले."

रागवायचं असं डेलमारने ठरवलं होतं, पण राग कुठे गेला कोण जाणे. त्याने डावा हात तिच्या हातावर ठेवला. उजवा तसाच उडत होता.

"डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली.

"जाऊ."

तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, पण त्याने पाहिलं. दहाला बारा मिनिटं कमी होती, आणि बावीस मैलांवर एक म्हातारी थोड्या वेळाने तोंड घट्ट मिटून बसणार होती. डेलमार उठला. कोट घेतला नाही. बाजूच्या दाराने बाहेर पडला आणि रस्ता ओलांडू लागला. नोएलाच्या अंगणात एमिलची गाडी आधीच येऊन उभी होती, टपावर शिड्या बांधलेली. पायरीवर पोचेपर्यंत डेलमारने तीन वेळा वाक्य जुळवलं आणि तीनही वेळा ते मोडलं. दार वाजवलं, तेही कापऱ्याच हाताने, म्हणून ते विचित्रच वाजलं.

नोएलाने दार उघडलं. "मिस्टर डेलमार, कोट कुठाय तुमचा? आत या."

"मला स्प्रिंग ताणता येत नाही," डेलमार म्हणाला. "एमिलला पाठवशील का? आत्ता. आर्लिसला निघायचंय."

"पाठवते की. पण काल तर तुम्ही नको म्हणालात."

"काल खोटं बोललो." त्याने उजवा हात तिच्यासमोर धरला, दारातल्या उजेडात, आणि तिला हवा तितका वेळ बघू दिला. दवाखान्यात काम करणारी बाई, तिला काही विचारावं लागलं नाही. तिने मागे वळून भावाला हाक मारली.

एमिल बूट घालत होता, तोवर डेलमार दारातच उभा राहिला. अजून काहीतरी राहिलं होतं, आणि ते बाकीच्या सगळ्यापेक्षा जड जात होतं.

"त्याला सांग," तो म्हणाला, "उजवीकडची एकोणीस पाव फेऱ्यांवर थांबलीय. डावीकडची पूर्ण आहे. ती मी ताणलीय."

"मग डावीकडचं काही बघायला नको. तुम्ही केलंय म्हणजे झालंच ते, सगळा गाव सांगतो."

"नाही," डेलमार म्हणाला. "माझी आधी तपासायला सांग."